सरपंचाचं मानधन वाढवलं, आमदाराला बोनस दिला, तर कारभार सुधारेल का?

प्रश्न असा आलाय की सरपंचापासून खासदारापर्यंत सगळ्यांना भरपूर पगार द्या, चांगलं काम केलं तर बोनस, नाही केलं तर कपात, कंपनीत असतं तसं, मग हे लोक सुधारतील की नाही? माझं उत्तर असं की थोडे सुधारतील, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणाने नाही, आणि बोनसपेक्षा खुर्ची जायची भीती कितीतरी जास्त काम करते. मी सगळी नोकरी पंचायत समितीत काढली, ग्रामसेवक म्हणून लागलो, पंचायत विस्तार अधिकारी म्हणून रिटायर झालो, आता नवीन सरपंचांच्या ट्रेनिंगला शिकवायला जातो. त्यामुळे सुरुवात गावापासून करतो, कारण पैशाचा हिशोब गावात जेवढा उघडा दिसतो तेवढा मुंबई-दिल्लीत दिसत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. दोन हजार लोकसंख्येपर्यंतच्या गावात ३ हजारांचे ६ हजार झाले, आठ हजारांपर्यंत ४ चे ८, त्याच्या वर ५ चे १० हजार. उपसरपंचाला २, ३ आणि ४ हजार. आता लहान गावातला सरपंच धरा, ६ हजार गुणिले साठ महिने, म्हणजे अख्ख्या टर्मचे ३ लाख ६० हजार. थेट सरपंचपदाच्या निवडणुकीत खर्चाची मर्यादा गावाच्या सदस्यसंख्येप्रमाणे ५० हजार, १ लाख आणि पावणेदोन लाख अशी ठरलेली, आणि त्या मर्यादेत निवडून आलेला माणूस कुठे असेल तर मला त्याचा सत्कार करायचाय. हायवेच्या कडेची गावं, एमआयडीसीच्या शेजारची गावं, जिथे गुंठ्याचा भाव आभाळाला टेकलाय, तिथे किती खर्च होतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि खर्चाच्या तक्त्यात मात्र चहा, हँडबिल आणि रिक्षाचं भाडं. तो वरचा खर्च मानधनातून निघत नाही हे उभं राहणाऱ्याला आधीच माहीत असतं. मग तो कुठून निघतो?

एक बंदिस्त गटाराचं काम घ्या, समजा आठ लाखांचं. मासिक सभेत ठराव होतो, शाखा अभियंता इस्टिमेट करतो, ठेकेदार म्हणून जे नाव येतं ते सदस्याच्या भाच्याचं किंवा मेव्हण्याच्या पार्टनरचं असतं, कारण स्वतःचा हितसंबंध निघाला तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली अपात्र होतो एवढं प्रत्येकाला पाठ आहे. काम होतं, कागदावर चार इंच काँक्रीट आणि जागेवर कुठे चार कुठे अडीच, मोजमाप पुस्तिका भरली जाते, बिल येतं. आता पेमेंट करायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, आणि ती सही अडवून ठेवणं हीच सरपंचाच्या हातातली खरी किंमत. ठेकेदार दोन आठवडे चकरा मारतो, तिसऱ्या आठवड्यात बोलणं होतं, सही होते. (बऱ्याच गावात तो सहीचा डोंगल सरपंचांकडे नसतोच, ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर सरपंचबाईंच्या मिस्टरांच्या खिशात असतो, तो वेगळा विषय.) आता तुम्ही सांगा, ज्याला हे करायचंय त्याला महिन्याला ३ हजार जादा दिले म्हणून तो सही अडवणं का सोडेल? तो दोन्ही घेईल. सगळे सरपंच असे नसतात, मी अत्यंत स्वच्छ माणसं बघितलीत, पण ती ३ हजारावर पण स्वच्छच होती.

तर मानधन वाढवणं वाया गेलं का? अजिबात नाही, त्याचा फायदा दुसरीकडे होतो. राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्यात एससी-एसटीच्या राखीव जागांवर आलेल्या कित्येक सरपंच शेतमजूर आहेत. एका ताई आमच्या तालुक्यात होत्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. तालुक्याला मीटिंग म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचं तिकीट, दुपारचं खाणं, आणि साहेब नाहीत उद्या या म्हटलं की परत तेच. त्यांनी मीटिंगला यायचं बंद केलं, मग कागद कोण घेऊन यायला लागलं, तर गावचे माजी सरपंच. सह्या ताईंच्या, कारभार त्यांचा. पुढे मानधन वाढलं आणि सलग काही महिने वेळेवर खात्यावर आलं तेव्हा त्या स्वतः यायला लागल्या, ऑफिसात बसून इस्टिमेटची कॉपी मागायला लागल्या, आणि माजी सरपंचांना ते अजिबात आवडलं नाही. म्हणजे पैशाने कुणी प्रामाणिक झालं नाही, जी प्रामाणिक होतीच तिला खुर्चीवर बसून राहणं परवडायला लागलं. यात 'वेळेवर' हा शब्द मी मुद्दाम घातलाय, कारण मानधन सहा-सहा, आठ-आठ महिने थकतं, आणि थकलं की पहिली माघार गरीब सरपंच घेतो, पैसेवाल्याला काही फरक पडत नाही.

जगात याच्यावर बराच अभ्यास झालाय आणि तो याच दिशेला जातो. ब्राझीलमध्ये २००० साली घटनादुरुस्ती करून नगरसेवकांच्या पगाराला लोकसंख्येच्या टप्प्यांप्रमाणे मर्यादा घातली, त्यामुळे टप्प्याच्या जरा अलीकडची आणि जरा पलीकडची गावं ताडून बघता आली. फेराझ आणि फिनान या दोघा अभ्यासकांनी ते केलं, तर जिथे पगार जास्त तिथे उमेदवार जास्त उभे राहिले, थोडे जास्त शिकलेले आले, सभागृहात कामही जरा जास्त झालं. फरक होता पण डोळे दिपवणारा नव्हता. इटलीत ५ हजार लोकसंख्येची रेघ ओलांडली की महापौराचा पगार एकदम तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, तिथेही जास्त शिकलेले लोक आले आणि कार्यालयीन खर्च कमी झाला.

आता उलटी बाजू. युरोपियन पार्लमेंटमध्ये २००९ पर्यंत प्रत्येक खासदाराला आपापल्या देशातल्या खासदाराएवढा पगार होता, इटलीवाल्याला गडगंज, पूर्व युरोपवाल्याला चिल्लर. २००९ ला सगळ्यांना सारखा केला, म्हणजे काहींचा पगार एका दिवसात कित्येक पट झाला आणि काहींचा कमी झाला. झालं काय, तर ज्यांचा वाढला ते पुन्हा उभे राहायला उत्सुक झाले, पक्षही जास्त उतरले, पण सभागृहातल्या गैरहजेरीत काही फरक नाही, आणि शिक्षण कुठल्या दर्जाच्या कॉलेजात झालं हे बघितलं तर निवडून आलेल्यांची प्रत जरा घसरलीच. पगार चांगला झाला की चांगल्यांना जशी जागा हवीशी वाटते तशी बाकीच्यांनाही वाटते, आणि तिकीट वाटणारा कुणाला देणार हे पगारावर ठरत नाही. आपल्याकडे २०१६ ला आमदारांचा पगार दुपटीहून जास्त वाढला, त्यानंतर विधानसभेच्या कामकाजात काय फरक पडला हे ज्याचं त्याने बघावं.

लोक लगेच सिंगापूरचं नाव काढतात, ट्रेनिंगमध्ये पण एखादा तरुण सरपंच काढतोच. तिथे १९९४ पासून मंत्र्यांचा पगार खासगी क्षेत्रातल्या सर्वात जास्त कमावणाऱ्यांशी जोडलाय. २०११ च्या निवडणुकीत लोक भडकले म्हणून २०१२ ला कपात केली, पंतप्रधानांचा ३६ टक्के कमी केला, तरी नवीन मंत्र्याला वर्षाला ११ लाख सिंगापूर डॉलर पडतात. आणि त्यात तुम्ही म्हणताय तसला बोनस खरोखर आहे: चार आकड्यांवर, सामान्य माणसाचं खरं उत्पन्न किती वाढलं, तळातल्या वीस टक्क्यांचं किती वाढलं, बेकारी किती, अर्थव्यवस्था किती वाढली. डोकं लावून केलेली रचना आहे, गरिबाचं उत्पन्न मंत्र्याच्या बोनसमध्ये घातलंय ही गोष्ट मला तर फार आवडते. पण तिथलाच वाहतूक मंत्री, ईश्वरन, २०२३ मध्ये अटक झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये १२ महिन्यांची कैद झाली, उद्योगपतींकडून भेटवस्तू घेतल्या म्हणून, त्यात फॉर्म्युला वनची तिकिटं, व्हिस्की, एक सायकल. साधारण ४ लाख सिंगापूर डॉलरचा माल, म्हणजे त्याच्या अर्ध्या वर्षाच्या पगारापेक्षाही कमी! इतका पगार असणारा माणूस तिकिटं का घेतो याचं उत्तर पगाराच्या गणितात सापडत नाही. आणि तिथे मंत्री पकडला कुणी, तर १९५२ पासून चालत आलेल्या भ्रष्टाचारविरोधी ब्युरोने. आपण सिंगापूरचा पगार उचलायचं बोलतो, ब्युरो कुणीच उचलत नाही.

व्यक्तीच्या खिशात न जाता गावाला मिळणाऱ्या पैशाचा अनुभव मात्र आपल्या महाराष्ट्राला भरपूर आहे, आणि यावर मी जरा लांब बोलणार आहे कारण ते माझ्या डोळ्यासमोर घडलंय. २०००-०१ ला आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी बक्षिसं. मग हागणदारीमुक्त गावांसाठी केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, २००३ ला जाहीर झाला, लोकसंख्येप्रमाणे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत, आणि देशात सर्वात जास्त निर्मल गावं महाराष्ट्रात झाली. त्या काळात सरपंचांचं वागणं बदललं का? बदललं, मी शपथेवर सांगेन. जी माणसं दप्तर तपासणीला सुद्धा थांबत नव्हती ती पहाटे पाचला हातात खराटा घेऊन रस्त्यावर. दोन पार्ट्यांची गावं, एकमेकांच्या मयतीला न जाणारी, एकाच ट्रॅक्टरमध्ये बसून कचरा भरत होती. आणि हे ५० हजारांसाठी नव्हतं, कारण त्या पैशाची वाटणी केली तर माणशी शंभरची नोट पण येत नाही. शेजारच्या गावाला मिळालं आणि आपल्याला नाही ही गोष्ट सहन होत नव्हती. राष्ट्रपतींच्या हातून घेतानाचा फोटो ग्रामपंचायतीत लागणार होता. पैशाने फक्त एवढं केलं की सरकार हे गंभीरपणे करतंय असं गावाला वाटलं.

पण कमिटी येणार त्या दिवसाचं गाव कसं असायचं तेही सांगतो. झाडांच्या बुंध्याला गेरू-चुना, दारोदार रांगोळ्या, शाळेची पोरं लेझीम घेऊन वेशीवर, सुवासिनी औक्षणाला, आणि कमिटीची गाडी ज्या रस्त्याने फिरणार तो रस्ता आधीच ठरलेला. कमिटीत मी पण असायचो, आम्ही संडासाचं दार उघडून बघायचो, आत बादली, मग, साबण, सगळं नवं कोरं, भांड्याला पाण्याचा एक डाग नाही. ज्याला बघायचंच आहे त्याला कळतं की इथे आजपर्यंत कुणी बसलेलं नाही. पण बाहेर लेझीम चाललेलं असतं, आमदार थांबलेले असतात, आणि जिल्ह्याला आकडा हवा असतो, मग फॉर्मवर होयची खूण होते. दोन वर्षांनी त्याच गावात त्याच दारामागे सरपण आणि गोवऱ्या. युनिसेफने २००८ मध्ये सहा राज्यांतल्या १६२ निर्मल ग्रामपंचायती तपासून घेतल्या, त्यात महाराष्ट्र पण होता, आणि पूर्ण हागणदारीमुक्त राहिलेली गावं अगदी मोजकी निघाली. कारण बक्षीस एकदाच होतं. मिळालं, फोटो लागला, पुढची निवडणूक झाली, नवीन सरपंचाला जुन्याच्या फोटोसाठी राबायची गरजच काय? तरी मी त्या मोहिमेला फुकट म्हणणार नाही. काही गावं कायमची बदलली, ज्या गावात आधीपासून कुणीतरी चिवट माणूस होता ती.

हेच काम इंडोनेशियात जरा हुशारीने झालं. २००७ पासून तिथे गावांना आरोग्य आणि शिक्षणासाठी निधी दिला, काही भागात पुढच्या वर्षाच्या निधीतला २० टक्के हिस्सा त्याच उपजिल्ह्यातल्या इतर गावांच्या तुलनेत कामगिरी कशी झाली यावर वाटला आणि काही भागात तसाच दिला, म्हणजे ताडून बघता आलं. बाळांची वजनं, गर्भवतींच्या तपासण्या अशा गोष्टी जिथे स्पर्धा होती तिथे लवकर सुधारल्या, मागासलेल्या भागात जास्त. शाळेच्या पटावर मात्र फरक पडला नाही. आपल्या निर्मल ग्रामशी तुलना करा, इंडोनेशियात दरवर्षी पुन्हा मोजणी होती आणि तुलना शेजाऱ्याशी होती. आता आपल्याकडे मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात राज्यात पहिल्या आलेल्या ग्रामपंचायतीला ५ कोटी ठेवलेत. ५ कोटी म्हटल्यावर कमिटीवर किती दबाव येईल याची मला काळजी वाटते, बक्षीस जितकं मोठं तितका मोजणारा विकत घ्यायला परवडतो.

आणखी एक प्रकार आहे, त्यात दंड भलत्यालाच बसतो. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांच्या पगारातला सरकारचा वाटा घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीशी जोडलेला. कागदावर बरोबर वाटतं, वसुली केली तर पैसे. पण वसुली न करण्याचा निर्णय कुणाचा? सरपंचाचा आणि बॉडीचा, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांचा. भावकीतल्या माणसाचं नळ कनेक्शन तोडलं तर त्याच्या घरातली आठ मतं जातात, म्हणून कुणी तोडत नाही. वसुली चाळीस टक्क्यांवर राहते आणि पगार कापला जातो शिपायाचा, पाणी सोडणाऱ्याचा. ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याला काहीच झळ नाही. संघटना वर्षानुवर्षं ही अट रद्द करा म्हणून मोर्चे काढतायत आणि त्यात त्यांचं चूक काय आहे?

हाच प्रकार मोठ्या पातळीवर बघायचा असेल तर पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा बघा. नियम असा होता की निवडून आलेली बॉडी नसेल तर अनुदान नाही. आपल्या जिल्हा परिषदा, पंचायत समित्या २०२२ पासून प्रशासकाच्या हातात गेल्या, ओबीसी आरक्षणाचा खटला हे कारण होतंच, पण अनुदान अडकलं म्हणून मंत्रालयात कुणाची झोप उडालेली मी तरी बघितली नाही. पैसे बुडाले ते गावाच्या पाणीयोजनेचे आणि गटारांचे. निवडणुकीची चाकं फिरली ती मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिल्यावर.

खासदारांचं म्हणाल तर हजेरीचा भत्ता आहेच, रजिस्टरवर सही केल्याशिवाय दैनिक भत्ता मिळत नाही, आता तो २,५०० रुपये आहे. त्यामुळे सह्या होतात. सही झाल्यावर माणूस सभागृहात किती वेळ बसला हे रजिस्टर सांगत नाही, आणि कोरमची घंटा वाजते तेव्हा बाके रिकामी दिसतात ती टीव्हीवर सगळ्यांनी बघितलीत. आमच्या मासिक सभेत पण तेच, सदस्य येतात, प्रोसिडिंगला सही, चहा, आणि ठराव वाचायच्या आत अर्धे बाहेर पानटपरीवर. ज्या गोष्टीला पैसे लावाल तेवढीच गोष्ट तुम्हाला मिळते. सहीला लावले तर सही मिळते.

बक्षीस चुकीच्या गोष्टीला लावलं तर काय होतं याचा नमुना म्हणजे बिनविरोध निवडणुकीचे लाखो रुपये. गुजरातेत २००१ पासून समरस योजना आहे, आपल्याकडे जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमदार लोकांनी आपल्या आपल्या मतदारसंघात बिनविरोध करा, इतके लाख देतो अशा घोषणा केल्या. हेतू चांगला, भांडणं टळतात, खर्च वाचतो. पण बिनविरोध कसं होतं ते गावात राहणाऱ्याला विचारा. पारावर चार घरं बसतात आणि ठरवतात, राखीव वॉर्डातल्या माणसाला सांगितलं जातं की तू अर्ज मागे घे, गावाचे पंचवीस लाख तुझ्यामुळे जायला नकोत. आणि त्याच्याही पुढची पायरी त्याच निवडणुकीत दिसली, नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी, देवळाच्या कामासाठी म्हणून पदांचा लिलाव, उमराण्यात बोली २ कोटी ५ लाखांवर, खोंडामळीत ४२ लाख. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली आणि बरोबर केलं. ज्याने दोन कोटींची बोली लावली त्याला मानधनाचे १० हजार दिले काय आणि ५० हजार दिले काय!

मग चालतं काय? मी नोकरीत सर्वात परिणामकारक प्रोत्साहन बघितलं ते उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात. ग्रामपंचायतीची थकबाकी असेल तर अपात्र, म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं घरपट्टी भरलेली नसते ते पुढारी पावती पुस्तकाच्या पुढे रांगेत उभे राहतात, स्वतःचीच नाही, एकत्र कुटुंब आहे म्हणून चुलत्याची पण भरतात. कधी कधी त्या एका आठवड्यात वर्षभरापेक्षा जास्त वसुली होते. घरात संडास असल्याचा आणि तो वापरत असल्याचा दाखला लागतो, तर त्या आठवड्यात रात्री दिवे लावून संडास बांधलेले मी बघितलेत, सकाळी ओल्या प्लॅस्टरवर फोटो. अतिक्रमण केलं तर पद जातं, म्हणून सदस्य झालेला माणूस आपली ओट्यापुढे आलेली पत्र्याची शेड स्वतः काढतो. सरकारचा एक रुपया खर्च झाला नाही. आता यातही खोटे दाखले होतात, मान्य, पण विरोधक टपलेला असतो, तो हायकोर्टापर्यंत जातो, त्यामुळे खोट्याची किंमत खरी आहे. इथे तपासणारा सरकारी माणूस नसून हरलेला उमेदवार आहे, आणि त्याच्याएवढा मन लावून दप्तर वाचणारा ऑडिटर मी बघितला नाही.

याच्या उलट त्याच कायद्याचं कलम ३९ बघा, गैरवर्तन केलं तर सरपंचाला काढता येतं. कागदावर फार कडक आहे, पण तक्रार, गटविकास अधिकाऱ्याची चौकशी, जिल्हा परिषदेच्या सीईओचा अहवाल, विभागीय आयुक्तांकडे सुनावणी, तारीख, मग अपील, तोवर टर्म संपत आलेली असते. सरपंचाला हे कॅलेंडर तोंडपाठ असतं. तेव्हा शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा ती टर्मच्या आत होते का हे महत्त्वाचं. ब्राझीलमध्ये २००३ पासून लॉटरीच्या चिठ्ठ्या काढून कुठल्या नगरपालिकेचं ऑडिट करायचं ते ठरवायला लागले, बाहेरून टीम येते, अहवाल जाहीर होतो. ज्या महापौरांचा भ्रष्टाचार निवडणुकीच्या आधी बाहेर आला त्यांची पुन्हा निवडून यायची शक्यता कमी झाली, आणि एकदा ऑडिट झालेल्या ठिकाणी पुढे भ्रष्टाचार साधारण ८ टक्क्यांनी घटला. आठच टक्के, हो. पण तो आठ टक्के खरा आहे.

निवृत्तिवेतनाला हात घालायचा प्रयोग पण चालू आहे, हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये विधेयक मंजूर केलं की पक्षांतरबंदीखाली अपात्र ठरलेल्या आमदाराला पेन्शन नाही. महाराष्ट्रात माजी आमदाराला महिन्याला ५० हजार पेन्शन आहे, एका टर्मच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार वाढीव. कल्पना म्हणून मला आवडते, पण पक्ष फोडताना ज्या रकमांची चर्चा होते त्यापुढे पेन्शन म्हणजे सुपारीचा खर्च, आणि अपात्र कोण ठरवणार तर अध्यक्ष, जे सत्ताधारी पक्षाचे असतात. पुन्हा तोच प्रश्न, मोजणारा कोण?

राहिला तुमचा मूळ प्रस्ताव, कामगिरीवर बोनस. आमदाराची कामगिरी कशावर मोजणार ते आधी लिहून बघा. प्रश्न किती विचारले यावर मोजाल तर एकच प्रश्न तालुका बदलून चाळीस वेळा येईल. निधी किती खर्च केला यावर मोजाल तर मार्च महिन्यात ज्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत तिथेच पुन्हा पेव्हर ब्लॉक बसतील, तसे ते आत्ताही बसतात. सिंगापूरसारखं राज्यातल्या गरिबाच्या उत्पन्नावर मोजाल तर २८८ पैकी एकाच्या कामाने तो आकडा हलणार नाही, मंत्र्यांना लावता येईल, आमदाराला नाही. मी म्हणेन आमदाराच्या बोनसचा नाद सोडा.

माझ्या हातात असतं तर काय केलं असतं, विचारलंय म्हणून सांगतो. सरपंचाचं मानधन आत्ताच्यापेक्षा फार वाढवलं नसतं, पण दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यावर आणि तालुक्याला येण्याचा प्रवास भत्ता वेगळा, म्हणजे मजुरी करणारी सरपंच घरी बसणार नाही. गावाच्या बक्षिसाचे दोन भाग केले असते, अर्धं आत्ता आणि अर्धं दोन वर्षांनी अचानक येणाऱ्या बाहेरच्या जिल्ह्यातल्या टीमने बघितल्यावर, लेझीम-औक्षण असेल तर गाडी तिथूनच परत. वसुलीची अट शिपायावरून काढून बॉडीच्या पुढच्या उमेदवारीवर टाकली असती, गावाची वसुली अमुक टक्क्यांच्या खाली राहिली तर चालू बॉडीतल्या कुणालाच पुन्हा उभं राहता येणार नाही. यावर सरपंच परिषदेवाले माझ्या अंगावर येतील, ट्रेनिंगमध्ये नुसतं बोललो तरी हॉलमध्ये गोंधळ होतो. आणि प्रत्येक तालुक्यात वर्षाला चार-पाच गावं चिठ्ठ्या टाकून निवडायची, काँक्रीटला भोक पाडून जाडी मोजायची, आणि निकाल ग्रामसभेत माइकवर वाचायचा, अहवाल टपालाने पाठवायचा नाही.

बक्षीस मतदाराला द्यायचं हाही एक मार्ग आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना कर भरणाऱ्याला दळण फुकट केलं, गिरणी ग्रामपंचायतीची. पीठ रोज लागतं, म्हणून कर वेळेवर यायला लागला, आणि कर भरलेला माणूस ग्रामसभेत हक्काने हिशोब विचारतो, फुकट्या विचारत नाही. सरपंचाला बोनस न देता त्याच्यावर नजर ठेवणारे लोक तयार झाले. मात्र एवढं नावाजलेलं गाव असूनही जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत पेरे पाटलांच्या मुलीचा तिथे पराभव झाला. त्यामुळे चांगलं काम केलं की लोक निवडून देतातच, मग वेगळं प्रोत्साहन कशाला, असं म्हणणाऱ्यांनी पण जरा थांबावं.

तुमच्या गावात काही करायचं असेल तर पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागा: चालू वर्षात दिलेल्या बिलांची यादी, त्यात ठेकेदाराचं नाव आणि बिल आल्यापासून सही होईपर्यंत किती दिवस गेले ते, आणि दुसरं, बॉडीतल्या प्रत्येक सदस्याची घरपट्टी कुठल्या तारखेला भरली त्याची पावती. ग्रामसेवक म्हणेल पुढच्या सभेत देतो. प्रोसिडिंगमध्ये तेवढं वाक्य लिहून घ्या आणि खाली तारीख टाकायला लावा.